सात दरवाजे आणि एक पावती : बिदरच्या राजवाड्याकडे जाताना

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्या घरात सांगितली गेली, त्या घरात बिदरचे नाव पोचलेले आहे. दुष्काळात सरकारी कोठारे उघडून लोकांना जगवणारे दामाजीपंत, त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडणारा बेदरचा पातशहा, आणि पंत दरबारात पोचायच्या आधीच धान्याची किंमत भरून पावती घेऊन जाणारा विठू महार, म्हणजे महाराचे रूप घेतलेला खुद्द विठोबा. महिपतींनी 1762 साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे, कीर्तनकारांच्या तोंडी तर ती कायमचीच आहे. कथेतल्या पंढरपूरला आपण जातो, मंगळवेढ्यालाही जातो. पातशहा ज्या वाड्यात बसला होता तो मात्र उदगीरपासून सुमारे 70 किलोमीटरवर उभा असूनही तिथे मुद्दाम जाणारे मराठी लोक थोडेच. हे पुस्तक त्या वाड्याविषयी आहे. खरे तर वाड्यांविषयी, कारण बिदरच्या किल्ल्यात एक राजवाडा नाही, दीडशे वर्षांत एकाला लागून एक उभे राहिलेले, मोडलेले, पुन्हा सजवलेले अनेक महाल आहेत.

राजवाडा पाहायला गेलो की आपण सिंहासन शोधतो. राजा कुठे बसत होता, राणी कुठे नाहत होती, खजिना कुठे होता, एवढे विचारून झाले की फोटो काढून बाहेर पडतो. मला वाटते, या प्रश्नांनी राजवाडा कळत नाही. राजवाडा म्हणजे मुळात माणसांना अडवण्याची आणि निवडून आत घेण्याची व्यवस्था. कोणाला कोणत्या दरवाज्यापर्यंत येऊ दिले जात होते, तिथे त्याची नोंद कोण ठेवत होते, आणि पुढे जायचे तर कोणाचा शब्द लागत होता, हे विचारत चालले की पडक्या भिंतीही बोलू लागतात. पुढची सगळी प्रकरणे याच प्रश्नांच्या मागून गेली आहेत.

हा प्रश्न मला सुचवला तो पंधराव्या शतकातल्या एका रशियन व्यापाऱ्याने. त्वेर गावचा अफानासी निकितिन 1470च्या आसपास समुद्रमार्गे चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. तिथून घाट चढून तो जुन्नरला आला, पावसाळा तिथे काढला, जुन्नरच्या सुभेदाराने घोडा अडकवून ठेवला तेव्हा हवालदिल झाला, तो परत मिळाल्यावर बिदरला पोचला. म्हणजे राजधानी पाहण्याआधी त्याने पाहिला तो आपला कोकण आणि आपला मावळ. बिदरच्या राजवाड्याबद्दल त्याने लिहिले आहे की त्याला सात दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाज्यावर शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक बसतात. काही जण आत जाणाऱ्यांची नावे लिहितात, काही बाहेर पडणाऱ्यांची. आणि परदेशी माणसाला आत सोडत नाहीत. शंभराचा आकडा ढोबळ असेल. पण बाहेर थांबवलेल्या माणसाने दरवाज्याकडे बारकाईने पाहिले, हे महत्त्वाचे. त्याने एक गोष्ट आणखी टिपली. ते लेखनिक मुसलमान नव्हते, इथले हिंदू होते. तुर्क, इराणी, हबशी आणि दख्खनी अमीर एकमेकांच्या जिवावर उठलेल्या त्या दरबारात दाराशी लेखणी घेऊन बसलेला माणूस याच मातीतला होता.

आता पुन्हा दामाजीपंतांच्या कथेकडे पाहा. ज्या वाड्यात शिरणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहिले जात होते, तिथे कथेतला विठू महार खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन सरळ तख्तापर्यंत जातो. त्याला कोणी अडवत नाही. तो पैसे मोजतो, पावती मागतो, आणि ती पावती पंतांच्या पोथीत सापडते. कथेला इतिहासाचा पुरावा मानायचे कारण नाही. पण ती ज्यांनी रचली आणि ऐकली, त्यांना राजवाड्याची रीत पुरेपूर ठाऊक होती. नुसता चमत्कार त्यांना पुरला नाही. हिशेब चुकता झाल्याचा कागद हवा होता, कारण त्या दरबारात कागदाशिवाय सुटका नव्हती. आणि दारातून आत सोडायला त्यांनी जे रूप निवडले, ते गावकुसाबाहेरच्या माणसाचे. त्याच काळात आणि पुढे कितीतरी शतके पंढरपूरच्या देवळात महारांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि ते दार सर्वांना खुले व्हायला साने गुरुजींचे उपोषण आणि 1947 साल उजाडावे लागले. पातशहाचे सात दरवाजे ओलांडणारा विठू महार स्वतःच्याच देवळाच्या दारात अडला असता, हे मनात ठेवूनच मी बिदरचा प्रत्येक दरवाजा ओलांडतो.

जागेविषयी थोडे सांगायला हवे. बहमनी राज्य 1347 साली दौलताबादला सुरू झाले, लवकरच राजधानी गुलबर्ग्याला गेली. 1422 साली तख्तावर आलेल्या अहमदशहा वलीने ती बिदरला आणली आणि 1432 च्या सुमारास किल्ल्याचा तट पुरा झाला. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही मुलखांच्या सांध्यावर, पठाराच्या ऐन कडेवर ही जागा आहे. एका बाजूने जमीन एकदम खाली उतरते. उरलेल्या बाजूला, शहराकडे, शत्रू सपाटीवरून चालत येऊ शकतो म्हणून तिथे तिहेरी खंदक खोदला आहे. खंदक म्हणजे मातीतला चर नव्हे. वरून खडक कापत खाली गेले आहेत, आणि दोन खंदकांच्या मध्ये मूळ खडकाचीच भिंत तशीच उभी ठेवली आहे. हा खडक जांभा आहे. कोकणातल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. खाणीतून काढताना मऊ, उन्हावाऱ्यात कठीण होणारा, अंगाला छिद्रे असलेला तोच तांबडा चिरा. खंदकातून निघालेला दगड तटाला लागला. शत्रूला अडवणारा खड्डा आणि शत्रूला अडवणारी भिंत एकाच कामातून उभी राहिली, ही काटकसर मला थक्क करते.

किल्ल्याला लागून शहर, आणि शहराला पुन्हा स्वतःचा तट. तो आज दिसतो तसा सोळाव्या शतकाच्या मध्यात, बहमनींनंतरच्या बरीदशाहीतल्या अली बरीद या सुलतानाच्या काळात बांधला गेला. फतेह दरवाजा, मंगलपेठ दरवाजा, दुल्हन दरवाजा, तालघाट दरवाजा, शहागंज दरवाजा ही नावे बिदरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांतून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या जातात. मधोमध चौबारा नावाचा उंच गोल मनोरा आहे, तिथून टेहळणी होत असे. चौबाऱ्यापासून किल्ल्याकडे निघालात की वाटेत महमूद गावानचा मदरसा लागतो. त्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण किल्ल्यातले महाल एके काळी कसे दिसत होते याची किल्ली तिथे आहे.

महमूद गावान इराणातल्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. 1472 साली त्याने हा तीन मजली मदरसा उभा केला. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, आत ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग आणि एक मिनार कोसळला. जो मिनार उरला त्यावर, आणि दर्शनी भिंतीच्या तुकड्यांवर, निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या चिनीमातीच्या फरशांचे नक्षीकाम अजून शाबूत आहे. किल्ल्यातल्या महालांवरही असेच काम होते. तिथे ते बहुतेक गळून गेले आहे, आणि आपल्याला दिसतो तो उघडा दगड. पाहणारा समजतो की बहमनी लोक राकट, दगडी वास्तू बांधत. मदरशाचा तो निळा तुकडा डोळ्यांत साठवून आत गेलात तर ती चूक होणार नाही.

गावानशी मराठी मुलखाचे नाते साधे नाही. संगमेश्वर, विशाळगडाच्या रानातली त्याची मोहीम आणि 1472 साली घेतलेला गोवा, या दोन्हींमुळे कोकणच्या इतिहासात तो आक्रमक म्हणून येतो, आणि ते खरेच आहे. त्याच माणसाच्या फारसी पत्रांचा ‘रियाज-उल-इन्शा’ हा संग्रह पत्रलेखनाचा नमुना मानला गेला. त्याचा शेवटही पत्रानेच केला. विरोधी सरदारांनी त्याच्या शिक्क्याचा वापर करून ओडिशाच्या राजाला लिहिल्यासारखे खोटे पत्र तयार केले, ते सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहापुढे नेले, आणि 5 एप्रिल 1481 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. कथेतले दामाजीपंत एका कागदाने वाचले. इतिहासातला गावान एका कागदाने मेला. बिदरचा दरबार समजून घ्यायला मला याहून जवळची वाट सापडलेली नाही. गावान गेला आणि राज्य सावरले नाही. पुढच्या पन्नास वर्षांत त्याचे पाच तुकडे झाले : आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इमादशाही, आणि खुद्द बिदरात बरीदशाही. भोसले, जाधव, निंबाळकर, घोरपडे ही घराणी ज्या दरबारांच्या चाकरीत मोठी झाली, ते दरबार या मोडतोडीतून निघाले.

आता आत जाऊ. आधी लागतो शरझा दरवाजा. दोन्ही अंगांना वाघ कोरले आहेत, आणि दरवाज्यावरचा शिलालेख 1503 चा आहे. पुढे गुंबद दरवाजा, जाड, ठेंगणा, वर घुमट. या दोन दरवाज्यांमधली वाट सरळ नाही, आणि ती तशी नाही हे चालतानाच कळते, म्हणून गाडी बाहेर ठेवून पायी जा.

आतल्या महालांची सविस्तर वर्णने पुढे येतील. इथे फक्त क्रम लावून देतो. सोळा खांबी मशीद ही तिथल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. तिच्यावरच्या लेखाप्रमाणे ती 1423-24 ची आहे, म्हणजे राजधानी पुरती वसायच्या आधीची. 1657 साली बिदर जिंकल्यावर औरंगजेबाने वडिलांच्या, शाहजहानच्या नावाने खुतबा पढवला तो हिच्यात. समोर लाल बाग, तिच्यात कारंज्याचा हौद आणि पाण्याचे पाट. जवळच शाही हमाम, त्यात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. मग तर्कश महाल आणि गगन महाल, दोन्ही बहमनींनी बांधलेले आणि बरीदांनी आपल्या जनानखान्यासाठी बदललेले. त्यापलीकडे दिवाण-ए-आम, ज्याला जाळी महाल म्हणतात, आणि शेवटी तख्त महाल.

तख्त महाल अहमदशहाचा. त्याच्या एका उंच कमानीच्या खांद्यांवर फरशांमध्ये वाघ आणि उगवता सूर्य होता. इराणच्या मातीतली ही खूण बहमनींनी इथे राजचिन्ह म्हणून आणली. कमान अशी उंच की खाली उभ्या राहिलेल्या माणसाने आपोआप मान मागे टाकावी. तेच अपेक्षित होते. इथे बहमनी आणि नंतर बरीदी सुलतानांचे राज्यारोहण झाले. सगळ्या दरवाज्यांतून गाळून आलेली माणसे इथे पोचत. आणि एवढे करूनही तख्त सुरक्षित नव्हते. 1487 साली रात्री कटवाल्यांनी किल्ल्याचे दरवाजे आतून लावून घेतले आणि तरुण महमूदशहाला महालात गाठले. तो शाह बुरुजावर पळाला आणि मूठभर परदेशी शिपायांनी त्याला वाचवले. दरवाजे बाहेरच्यांना अडवतात. आतल्याचे काय करायचे, यावर बिदरच्या शिल्पकारांकडे उत्तर नव्हते.

मला सर्वांत प्रिय आहे तो रंगीन महाल, आणि या पुस्तकाचे सर्वांत मोठे प्रकरण त्याच्यावर आहे. तो अली बरीदचा, 1542 ते 1580 या काळात राज्य केलेल्या सुलतानाचा. बहमनी सुलतान नावापुरतेही उरले नव्हते आणि बरीदांचे राज्य म्हणजे बिदर आणि आसपासचा थोडा मुलूख. अली बरीद त्या घराण्यात पहिला, ज्याने स्वतःला शाह म्हणवले. 1565 साली विजयनगरविरुद्धच्या लढाईला तोही गेला, पण मोठ्या सुलतानांच्या बरोबरीचा म्हणून नव्हे. अशा राजाने तख्त महालासारखी कमान उभारायचे मनात आणले नाही. गुंबद दरवाज्याजवळ, भक्कम भिंतींच्या आड, त्याने थोड्याच खोल्या घेतल्या आणि त्या हातभर अंतरावरून पाहायच्या पद्धतीने सजवल्या.

पुढच्या दालनात लाकडी खांब आहेत. त्यांच्यावरचे कोरीव काम इथल्या सुतारांच्या परंपरेतले. देवळातले खांब आणि वाड्यातल्या तुळया पाहिलेल्या कोणालाही ते ओळखू येईल. आतल्या दाराभोवती रंगीत फरशांच्या पट्ट्या आहेत, त्यांवरूनच महालाला नाव पडले. आणि त्याच्याही आत गेले की काळ्याभोर घोटलेल्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवून केलेली वेलबुट्टी आणि फारसी ओळी. दगड इतका कठीण की त्यात इतकी बारीक खाच पाडणे, आणि शिंपला इतका ठिसूळ की तो त्या खाचेत न मोडता बसवणे, हे दोन्ही एकाच हाताने केलेले आहे. दारातून येणाऱ्या उजेडात तुम्ही एक पाऊल सरकलात की शिंपल्याचा रंग बदलतो. मोठ्या राज्याची भव्यता दुरून दिसते. या लहान राज्याची कारागिरी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. माझे मत स्पष्ट सांगतो : दख्खनच्या सगळ्या सुलतानशाहीत याहून सुंदर खोली मी पाहिलेली नाही. सत्ता आटली म्हणून हात खुंटला नाही, उलट अधिक नाजूक झाला, हे कलेच्या इतिहासात नेहमी घडत नाही.

काळ्यावर पांढरे, हा बिदरचा जुना ध्यास दिसतो. शहरातल्या गल्ल्यांत आजही बिदरी काम चालते. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे ओततात, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि शेवटी नवसागर आणि किल्ल्यातली माती घातलेल्या गरम पाण्यात ते घोळतात. धातू काळा ठिक्कर पडतो, चांदी तशीच चमकते. माती साधी चालत नाही. जुन्या बांधकामातली, वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेली लागते, आणि मुरलेले कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. राजवाडे पडले, पण त्यांची माती अजून कामाला येते. या कलेला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळाले. विकत घेणार असाल तर कारागिराच्या दारात जाऊन घ्या, पैसे त्याच्या हातात पडतील.

नंतरचा इतिहास भरभर सांगण्यासारखा आहे. 1619 साली बिदर विजापूरच्या आदिलशाहीत गेले. 1657 साली औरंगजेबाने वेढा घातला; किल्लेदार सिद्दी मर्जान लढला, दारूगोळ्याच्या स्फोटात जायबंदी होऊन मेला, आणि किल्ला पडला. मग मोगल, मग निजाम. महालांवर माती आणि मलबा चढत गेला. हैदराबाद संस्थानात 1914 साली पुरातत्त्व खाते निघाले, त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इथला मलबा उपसला गेला आणि डागडुजी झाली. 1947 साली आलेला त्यांचा बिदरवरचा ग्रंथ आजही पहिला आधार आहे, माझाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. बिदर, भालकी, औराद तिकडे राहिले. सरकारी रेघ पडली, तरी तिकडे मराठी बोलणे थांबले नाही आणि सोयरिकीही तुटल्या नाहीत. मग इतिहासानेच रेघेपाशी का थांबावे? शाळेत आपण बहमनी राज्याचे पाच तुकडे पाठ करतो, पण ते तुकडे झाले ती जागा आपल्या सहलींच्या यादीत नसते. ही मला या पुस्तकामागची खरी अडचण वाटते, आणि ती दूर व्हावी म्हणूनच ते मराठीत लिहिले.

अहमदशहा वलीची कबर किल्ल्यात नाही, शहराबाहेर अष्टूरला आहे. घुमटाच्या आत रंग आणि सोने अजून झळकते. त्याच्या उरुसाला लिंगायत जंगम शंख वाजवत येतात. हिंदू त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात, मुसलमान वली. जिवंतपणी ज्याच्यापर्यंत पोचायला सात दरवाजे ओलांडावे लागत, त्याच्या कबरीपाशी आता कोणीही जाते.

बिदर 2014 साली धोक्यातल्या जागतिक स्मारकांच्या यादीत आले होते, आणि दख्खनच्या सुलतानशाहीच्या वास्तूंबरोबर ते युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आहे. याद्यांमुळे लक्ष वेधले जाते, पण भिंतीवर कोरलेले नाव पुसले जात नाही. महालांच्या गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली नावे तुम्हाला दिसतील. त्यांत देवनागरीही आहेत.

तर जाणाऱ्यांना चार गोष्टी. हिवाळ्यात किंवा पावसाळा सरताना जा. पठारावरचे उन्हाळ्यातले ऊन जांभ्यावरून दुप्पट होऊन अंगावर येते. पूर्ण दिवस ठेवा, सकाळी किल्ला आणि दुपारनंतर अष्टूर. रंगीन महाल सहसा बंद असतो. तो बंद दिसला म्हणून परत फिरू नका. संग्रहालयाजवळच्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत जाऊन, कामाच्या वेळेत, सभ्यपणे उघडून दाखवण्याची विनंती करा. आत गेल्यावर शिंपल्याच्या कामाला बोट लावू नका. बरोबर मुले असतील तर त्यांना आधी दामाजीपंतांची कथा सांगा, आणि मग दरवाजे मोजायला लावा.